अपकारांची वही

आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, जमाखर्च गेली नऊ वर्षं मी लिहिते. पोटापाण्याचा उद्योगही हाच, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. उपासना संपली की अर्पण दोघांसमोर मोजायचं, रोजमेळात लिहायचं, खर्चाच्या प्रत्येक रकमेला बिल जोडायचं, वर्षाअखेरीस ताळेबंद मांडायचा. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की मला आजही बरं वाटतं. हे आधीच सांगते, कारण पुढे हिशेब हा शब्द पुन्हा पुन्हा येणार आहे आणि हिशेब ठेवण्याबद्दलच माझी तक्रार आहे असं कुणाला वाटू नये.

काही वर्षांपूर्वी उपासनामंदिराच्या छताची दुरुस्ती झाली. मंडळीतल्या एका वयस्कर काकांनी ते काम अंगावर घेतलं होतं. कारागीर आणण्यापासून शिडी धरून उभं राहण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. वार्षिक सभेच्या आदल्या रात्री फायली चाळताना मला त्यातलं एक बिल सापडेना. दुसऱ्या दिवशी मी भर सभेत उभी राहिले आणि म्हणाले, “या रकमेचं बिल काकांनी दिलेलं नाही. बिलाशिवाय मी ताळेबंदावर सही करणार नाही.”

काका म्हणाले, “दिलं होतं.”

मी म्हणाले, “माझ्याकडे नाही.”

एवढंच. आवाज कुणाचाच चढला नाही. काका खाली बसले आणि सभा संपायच्या आधीच उठून गेले.

अकरा दिवसांनी ते बिल माझ्याच फायलीत सापडलं. दुसऱ्या एका बिलाच्या मागे चिकटून बसलं होतं. मी पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, फोन करून सांगितलं, ताळेबंद पूर्ण केला, सही केली. कागदावरचं प्रकरण मिटलं. काकांना मात्र मी काही सांगितलं नाही. सांगायचं होतं; रविवारी भेटल्यावर सांगू, असं ठरवलंही होतं. रविवारी ते माझ्याकडे न बघता पुढे निघून गेले, आणि माझ्या मनात आलं, एवढा राग? मग राहू दे.

त्या ‘राहू दे’चे चौदा महिने झाले.

या चौदा महिन्यांत मी काय करत होते, ते मला फार उशिरा कळलं. मी मोजत होते. अमुक रविवारी ते दारात उभे होते, सगळ्यांशी हात मिळवला, माझी पाळी आली तेव्हा खिशात काहीतरी शोधू लागले. माझी आई आजारी होती, अर्धी मंडळी भेटून गेली, ते आले नाहीत. प्रार्थनासभेत मी एक विषय सुचवला, त्यांनी लगेच दुसरा सुचवला. तारखा पाठ होत्या मला. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी क्रमाने सांगितल्या असत्या. आणि गंमत नव्हे, दुःख हे की या यादीत पहिली नोंदच नव्हती. वही सुरू झाली होती ती त्यांनी माझ्याकडे न बघितल्याच्या रविवारपासून. त्याआधीची सभा, ते बिल, ती फाईल, यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. माझ्या पेशात असा हिशेब कुणी समोर आणला असता तर मी तो तिथल्या तिथे परत केला असता.

मग बायबल अभ्यासाच्या गटात करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायावर बोलण्याची पाळी माझ्यावर आली.

प्रीतीवरचा हा अध्याय ख्रिस्ती लग्नांत इतका वाचला जातो की तो नवरा-नवरीसाठीच लिहिला असावा असं वाटू लागतं. पण तो गेला होता एका भांडकुदळ मंडळीला. प्रेषित पौलाने हे पत्र इफिसाहून पाठवलं, साधारण इसवी सन 53 ते 55च्या सुमारास. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत तेव्हा तट पडले होते. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा, असं लोक म्हणत होते. भाऊ भावावर फिर्याद लावून न्यायालयात जात होता. येशूच्या आठवणीत भाकरी वाटून घेण्यासाठी, म्हणजे प्रभुभोजनाला, जमल्यावर काही जण आधीच पोटभर जेवून झिंगलेले असत, तर काही उपाशी राहत. हे सगळं त्याच पत्रात, तेराव्या अध्यायाच्या आधी लिहिलेलं आहे. म्हणजे ‘प्रीती हेवा करीत नाही, फुगत नाही’ ही वाक्यं त्या सभेत वाचली गेली तेव्हा कुणाकुणाच्या माना खाली गेल्या असतील. प्रत्येक वाक्याला त्या घरात बसलेला कुणीतरी धनी होता.

आणखी एक गोष्ट मराठीत वाचताना सहज निसटते. आपण वाचतो ‘प्रीती सहनशील आहे’, म्हणजे तो प्रीतीचा गुण वाटतो, जसं आकाश निळं आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथे क्रियापदं आहेत. प्रीती धीर धरते, भलं करते. चौथ्या वचनापासून सातव्यापर्यंत ती एकामागून एक काहीतरी करत असते, नाहीतर करायचं टाळत असते. ती मनात कशी वाटते याबद्दल पौलाने एक शब्दही लिहिलेला नाही.

तयारी करता करता मी पाचव्या वचनाशी आले. ‘अपकार स्मरत नाही.’ लहानपणापासून पाठ असलेले शब्द. टीकाग्रंथात पाहिलं तर तिथला ग्रीक शब्द होता ‘लोगिझेताई’. मोजणे, गणना करणे, एखाद्याच्या नावावर मांडणे असा त्याचा अर्थ, आणि व्यापारउदिमाच्या हिशेबातही तो वापरला जाई. प्रीती वाइटाची नोंद ठेवत नाही.

पुस्तक मिटून मी बराच वेळ तशीच बसले. माझ्या रोजच्या कामाचा शब्द तिथे होता, आणि तो माझ्याविरुद्ध उभा होता.

त्या दिवसानंतर मी त्या शब्दाचा मागच घेतला. पौल तो वारंवार वापरतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता आणि लोकांचे अपराध त्यांच्याकडे मोजत नव्हता. तिथेही हाच शब्द आहे. म्हणजे नोंद न ठेवण्याचा हा उपदेश पौलाला आधी स्वतःच्या बाबतीत अनुभवाला आलेला होता. एकेकाळी मंडळीचा छळ करणाऱ्या या माणसाच्या नावे केवढी बाकी निघाली असती! ती मोजली गेली नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याने दुसऱ्याची बाकी मांडत बसावं, याचा पौलाला अचंबा वाटत असणार.

पण मी हिशेबनीस आहे, आणि माझं मन इथे अडलं. एखादी रक्कम नुसती खोडून टाकता येत नाही. येणं सोडून दिलं तर ते कुणाच्या तरी अंगावर पडतं. तोटा कुणालातरी सोसावा लागतो. याचं उत्तर मला सापडलं ते फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात. इनमिन पंचवीस वचनांचं हे पत्र. अनेसिम नावाचा गुलाम त्याच्या मालकापासून, फिलेमोनापासून, दूर झालेला, तो तुरुंगातल्या पौलापाशी पोचतो, ख्रिस्ती होतो, आणि पौल त्याला परत पाठवतो, आता गुलाम म्हणून नव्हे तर प्रिय भाऊ म्हणून स्वीकार, अशी विनंती करत. त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो तुझं काही देणं लागत असेल, तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असं पौल लिहितो. हे मी माझ्या हाताने लिहितो आहे, असंही वर जोडतो. ही चक्क हमीची चिठ्ठी आहे. नुकसान झालंच नाही, असं पौल म्हणत नाही. फिलेमोनाने ते विसरून जावं, असंही म्हणत नाही. रक्कम खरी आहे, तिचं खातं फक्त बदलायचं. आणि हे पत्र एकट्या फिलेमोनाला नव्हतं. अप्फिया, अर्खिप्प आणि त्याच्या घरात जमणारी मंडळी यांनाही ते उद्देशून आहे. फिलेमोनाने काय केलं ते पत्रात नाही. त्या घरात अनेसिमाला रोज ज्यांच्यासमोर वावरायचं होतं, त्या सगळ्यांच्या कानावर मात्र ही चिठ्ठी गेली.

त्याच पत्राच्या शेवटी सलाम सांगणाऱ्यांची नावं आहेत, आणि त्यांतलं एक नाव मार्क. यावरून मी आधी कितीदा तरी घाईने पुढे गेले होते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय पंधरा : सुवार्तेच्या दुसऱ्या प्रवासाला निघताना पौलाचा सोबती बर्णबा याला मार्काला बरोबर न्यायचं होतं, पौलाला नको होतं, कारण मार्क मागच्या वेळी मध्येच सोडून गेला होता. त्यावरून दोघांचं असं बिनसलं की त्यांच्या वाटाच वेगळ्या झाल्या. कृत्ये लिहिणाऱ्या लूकने त्या भांडणाला ‘पॅरोक्सिस्मोस’, म्हणजे चिडून झालेला तीव्र वाद, असं म्हटलं आहे. आणि ‘प्रीती चिडत नाही’ या वचनातलं क्रियापद त्याच धातूचं आहे. पौलाने ते लिहिलं तेव्हा त्याला बर्णबा आठवला की नाही, हे कुणीच सांगू शकणार नाही. मला मात्र तो आता प्रत्येक वेळी आठवतो. ज्या मार्काच्या नावावर पौलाने एकदा ‘सोडून गेला’ असं मांडलं होतं, त्याचं नाव इथे सहकाऱ्यांत आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, असा निरोप आहे. मधल्या वर्षांत काय घडलं, कोण कुणाकडे गेलं, पहिला शब्द कुणी काढला, काहीच लिहिलेलं नाही. मला ते जाणून घ्यायला फार आवडलं असतं.

इथे एका गोष्टीवर थांबलंच पाहिजे, कारण या वचनाचा गैरवापर मी पाहिला आहे. घरात मार खाणाऱ्या बाईला, फसवल्या गेलेल्या माणसाला ‘प्रीती अपकार स्मरत नाही’ असं ऐकवून गप्प बसवलं जातं. हे पौलाचं म्हणणं नाही. पुढचंच वचन सांगतं की प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, सत्यात मानते. ज्या पत्रात हा अध्याय आहे त्याच पत्रात त्याने करिंथकरांच्या चुका एकेक करून सांगितल्या आहेत. पैशाच्या बाबतीत तर तो माझ्याहून कडक होता. यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती न्यायला त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. दानाचा हिशेब चोख ठेवायचा, अपकाराचा ठेवायचाच नाही, ही दोन्ही शिस्त एकाच माणसाची. मी त्यातली पहिली उचलली होती आणि तिच्या आडून दुसरी मोडली होती.

बिल मागणं चूक नव्हतं. ते कसं मागितलं, तिथे सगळं बिघडलं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम सांगून ठेवला आहे : भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याच्याकडे जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घे, तरीही नाही तर मंडळीला सांग. मी आधी मंडळीला सांगितलं, मग पाळकांना, आणि एकांतात त्या माणसाला कधीच नाही. क्रम बरोबर उलटा. आणि अपराध तर त्यांचा नव्हताच.

येशूने ‘एकमेकांवर प्रीती करा’ ही आज्ञा कुठे दिली हेही त्या दिवसांत पुन्हा वाचलं. योहानाचा तेरावा अध्याय. पाय धुऊन झाले आहेत. येशूला धरून देणारा यहूदा घास घेऊन बाहेर पडला आहे, आणि योहानाने तिथे तीन शब्द लिहिले आहेत, ‘तेव्हा रात्र होती’. त्यानंतर लगेच ही नवी आज्ञा. आणि तिच्या पाठोपाठ पेत्राला सांगणं की कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील. एका बाजूला विश्वासघात, दुसऱ्या बाजूला नकार, आणि मध्ये हे वाक्य. तिथे बसलेल्यांत सत्ताधाऱ्यांसाठी जकात गोळा केलेला मत्तय होता आणि जिलोत, म्हणजे कडवा धर्माभिमानी, म्हणवला जाणारा शिमोनही होता. ‘एकमेकांवर’ हा शब्द त्या खोलीत किती अवघड असेल! शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा जुनीच होती, जुन्या करारातल्या लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातली, आणि तिथेही ती आली आहे ती सूड घेऊ नको, मनात दावा धरू नको, याला जोडूनच. नवं होतं ते ‘जशी मी तुमच्यावर प्रीती केली तशी’. मापच बदललं.

मला स्वतःला दूरच्या माणसांवर प्रीती करणं कधी जड गेलं नाही. जगाच्या कुठल्याशा टोकाला संकट आलं की प्रार्थना करताना माझे डोळे भरून येतात, अर्पणही मनापासून जातं. त्या माणसांनी मला दारात टाळलेलं नसतं. मंडळीतल्या माणसाचं तसं नाही. तो तिसऱ्या बाकावर बसतो, त्याचं खोकणं ओळखीचं असतं, आणि आपण त्याच्याशी कसे वागलो हे त्याला माहीत असतं. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, 197च्या सुमारास, कार्थेजच्या तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलं आहे की ख्रिस्ती लोकांकडे पाहून इतर म्हणत, बघा, यांचं एकमेकांवर किती प्रेम आहे. हे आपण अभिमानाने सांगतो. तो प्रसंग कशावरून आला ते मात्र सांगत नाही. त्याच्या आधी तर्तुल्यन मंडळीच्या पेटीबद्दल बोलतो आहे : ज्याला जमेल त्याने महिन्यातून एकदा, स्वखुशीने त्यात टाकायचं, आणि ते जायचं गरिबांच्या पोटासाठी, मेल्यावर त्यांना पुरण्यासाठी, अनाथ मुलांसाठी, थकलेल्या म्हाताऱ्यांसाठी, जहाज फुटून उघड्यावर आलेल्यांसाठी, खाणींत आणि तुरुंगांत टाकलेल्यांसाठी. त्या पेटीचाही जमाखर्च कुणीतरी पाहत असेल. त्या माणसाचं मंडळीत कुणाशी वाकडं आलं असेल का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

गटात मी त्या अध्यायावर बोलले नाही. आजारी असल्याचा निरोप पाठवला. तो खोटा होता, हेही इथे सांगून टाकते.

डोंगरावरच्या प्रवचनात एक वचन आहे : वेदीजवळ दान घेऊन आल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ऐकणारे लोक गालीलात, आणि वेदी होती एकट्या यरुशलेमेत, कित्येक दिवसांच्या पायी वाटेवर. तिथून परत फिरायचं म्हणजे काय, ते त्यांना नेमकं कळलं असणार. आणि ‘त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध’ असं म्हटलं आहे, तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे ते नाही. माझी चौदा महिन्यांची वही इथे निरुपयोगी होती. काकांच्या घरापर्यंत चालत जायला मला वीस मिनिटं लागणार होती.

दार त्यांनीच उघडलं. मी उंबऱ्यातच म्हणाले, “काका, ते बिल माझ्याच फायलीत होतं.”

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “माहीत आहे. पाळकांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं.”

मला काही बोलता येईना.

“तू येशील म्हणून वाट बघितली,” ते म्हणाले. “दोन-तीन रविवार बघितली. मग राग यायला लागला. आत ये.”

आत बसल्यावर मी माफी मागितली. वाक्य नीट जमलं नाही, मध्ये रडू आलं. “तुझ्या आईला भेटायला यायचं होतं,” ते म्हणाले. “दोनदा निघालो. कोपऱ्यापर्यंत येऊन परत फिरलो. तू दार उघडशील आणि मग काय बोलायचं, ते सुचेना.” माझ्या यादीत ती नोंद ठळक होती. ‘भेटायला आले नाहीत.’ दोनदा निघाले होते, हे मला कुठून कळणार होतं? मोजणाऱ्याला दाराच्या आतलंच दिसतं.

प्रार्थना त्यांनी केली, मी नाही. छोटीशीच होती. त्यांनी माझं नाव घेतलं तेव्हा त्यांचा आवाज थोडा अडखळला.

मी त्यांना म्हणाले की सभेत बोलले होते, तर सभेतच चूक कबूल करीन. ते म्हणाले, कशाला, राहू दे. या वेळी मी राहू दिलं नाही. पुढच्या वार्षिक सभेत अहवाल वाचण्याआधी मी उभी राहिले आणि त्या सभेत काय घडलं होतं, बिल कुठे सापडलं आणि मी किती महिने गप्प राहिले ते सांगितलं. काका खाली मान घालून बसले होते. कुणीतरी “आमेन” म्हणालं. मग पाळकांनी पुढचा विषय घेतला.

आमची फार मैत्री झाली असं नाही. ते कमी बोलतात, मी जास्त बोलते, आणि ती सभा आम्हा दोघांपैकी कुणी विसरलेलं नाही. प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीची थाळी त्यांच्याकडून माझ्याकडे येते तेव्हा कधी कधी मला ते चौदा महिने आठवतात. तेव्हा थाळी पुढे द्यायला क्षणभर उशीर होतो.

गेल्या पावसाळ्यात छत पुन्हा गळू लागलं. काम पुन्हा काकांनीच घेतलं. ते संपल्यावर एका रविवारी, सगळे निघून गेल्यावर, ते माझ्या टेबलापाशी आले आणि दोन कागद पुढे ठेवले. बिल आणि त्याची झेरॉक्स.

“एक तुझ्या फायलीला,” ते म्हणाले, “एक माझ्याकडे राहील. दोन्हींवर मिळाल्याची सही कर.”

मी रकमा तपासल्या. एक बेरीज त्यांनी चुकवली होती, ती दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि मान डोलावली. मी दोन्हींवर सही केली, तारीख घातली, आणि त्यांची प्रत त्यांच्या हातात दिली.